पुण्याच्या पूर्वेचा माळ: भुलेश्वर, कडबनवाडी, भिगवण

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. अशा जोडून सुट्टीत अर्धं पुणं लोणावळ्याच्या नाहीतर महाबळेश्वरच्या रस्त्यावर उभं असतं. आम्ही गाडी उलटीकडे, हडपसरच्या दिशेने काढली. गाडीत मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासरे. बाबांचं लहानपण फलटणकडच्या खेड्यात गेलेलं, त्यामुळे "माळावर काय बघायचंय? धोंडे?" हे त्यांनी निघण्याआधीच विचारून घेतलं होतं. तरी आले.

सह्याद्रीच्या कड्यावर हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस पूर्वेला सरकता सरकता बारामती-इंदापुरात पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. एवढ्या पावसावर दाट जंगल उभं राहत नाही. गवत वाढतं आणि त्यात विरळ बाभळी, बोरी, हिवर. म्हणजे सवानाच. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक सवाना बघायला लाखो रुपये मोजून केनियाला जातात आणि यवतच्या फाट्यावरून पुढे जाताना काचा वर करून झोपतात.

शनिवार: भुलेश्वर आणि सुपे

यवतहून उजवीकडे वळलं की माळशिरसच्या वाटेवर भुलेश्वरचा डोंगर येतो. हे माळशिरस पुरंदर तालुक्यातलं. नकाशात सोलापूर जिल्ह्यातलं गाव निवडलंत तर दिवस रस्त्यातच जाईल.

बाहेरून हे देऊळ वाटतच नाही. उंच भिंती, वर नंतरच्या काळातले चुन्याचे घुमट. आत शिरल्यावर समोर गाभारा दिसत नाही. बाजूच्या अंधाऱ्या, अरुंद पायऱ्यांनी वर चढायचं आणि मग एकदम नंदीसमोर उभं राहायचं. देऊळ यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं. त्याच्याभोवतीचा किल्ला मात्र बराच नंतरचा. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त केलं आणि याच मुलखावर नजर ठेवायला दौलतमंगळ बांधला. आज त्याचे बुरूज आणि तटाचे तुकडे उरलेत.

आतल्या प्रदक्षिणेत टॉर्च लागतोच. मोबाइलचा चालतो, पण हाताएवढा वेगळा असेल तर शिल्पांवर तिरपा धरता येतो आणि तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसतं. स्त्रीरूपातली गणेशमूर्ती वर बघत शोधावी लागते, लेकीला ती आमच्याआधी दिसली. बऱ्याच मूर्तींचे हात-चेहरे फोडलेले आहेत. तरीही मला हे देऊळ बरं वाटतं, कारण जे आहे ते दगडाच्याच रंगात आहे. आपल्या जिल्ह्यात किती जुन्या देवळांत चकचकीत फरशी, भिंतीला ऑइलपेंट आणि वर स्टीलचं रेलिंग बसलंय, बघा. वाईट हेतूने कुणी करत नाही, उलट वर्गणी काढून करतात. पण तेराव्या शतकातल्या खांबावर एकदा पिवळा ऑइलपेंट बसला की तो काढताना खांबाचं कातडं सोलून निघतं.

तटावर दीड तास बसलो. हिवाळ्यात भोवत्या पक्षी उत्तरेकडून या माळांवर उतरतात. दिवसभर गवतावरून खालून खालून उडत टोळ, नाकतोडे टिपतात आणि रात्री जमिनीवर, गवतातच, घोळक्याने मुक्कामाला येतात. एक मादी आमच्या पायाखालच्या उतारावरून तरंगत गेली. शिकारी पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळणं दुर्मीळ. बाबा म्हणाले, "हा आमच्याकडे पण यायचा. आम्ही सगळ्यांनाच घार म्हणायचो."

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. डोंगरावर खायची सोय भरवशाची नाही, पाणी आणि डबा बरोबर घ्या.

जेवण चौफुल्याला उरकलं. चौफुला म्हटलं की लोकांना कलाकेंद्रं आठवतात, आम्हाला यापुढे तिथली पिठलं-भाकरी आठवेल. तिथून मोरगावच्या रस्त्यावर सुपे, आणि सुप्याला लागून मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. वाघाच्या जंगलांची सवय असलेल्यांना हसू येईल. पण चिंकाऱ्याला एवढ्या मोकळ्या, गवताळ जागेत दिवस काढता येतो. तो पाण्यावाचून बरेच दिवस राहू शकतो, पाल्यातली ओल आणि पहाटेचं दव त्याला पुरतं.

चार वाजता उन्हं कलली तेव्हा पहिला कळप दिसला. दिसला म्हणजे गाईडने दाखवल्यावरही मला दिसेना. वाळल्या गवताचा आणि त्यांच्या पाठीचा रंग एकच. मग एकीने शेपटी हलवली. चिंकाऱ्याची शेपटी काळी असते आणि सारखी फडफडत असते, तीच शोधायची. माद्यांनाही शिंगं असतात, बारीक. लेकीने वहीत सहा लिहिले, नवरा म्हणाला आठ. वाद रात्रीपर्यंत चालला.

मुक्काम बारामतीच्या पुढे एका शेतावर होता. जानेवारी म्हणजे शाळू हुरड्यात. शेतातल्या मावशींनी शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, गरम असतानाच हातावर मळून दाणे आमच्यापुढे ओतले. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही. पुण्याजवळच्या हुरडा पार्ट्यांना तंबू, डीजे आणि उंटावरची रपेट असते. इथे मावशी होत्या आणि त्यांचा "अजून घ्या, लाजताय कशाला" होता. बाबांनी किती खाल्ला ते घरी सांगायचं नाही असं ठरलंय.

एक महत्त्वाचं: ऊसतोडणीच्या दिवसांत या रस्त्यांवर अंधारात गाडी चालवू नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि उसाची टोकं रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली.

रविवार: कडबनवाडी

पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. नोंदणी ऑनलाइन, गाईड गावातलाच, आणि गाडी ठरलेल्या वाटेवरूनच जाते. जोडून सुट्टीला जागा लवकर संपतात, एवढंच लक्षात ठेवा.

सकाळी थंडी हाडात शिरत होती. गवतावर इतकं दव की पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या. आमचा गाईड विशीतला, शेजारच्याच वाडीचा. आधी एमआयडीसीत कंत्राटी कामाला होता. त्याने सगळ्यात आधी गवताची ओळख करून दिली: ही पवन्या, हे मारवेल, आणि तुमच्या मोज्यांना जे चिकटतंय ती कुसळी. कुसळीचं बी ओल लागली की पीळ उलगडतं आणि गोल फिरत स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं. त्याने तळहातावर थुंकी लावून बी ठेवलं आणि ते खरोखर फिरायला लागलं. लेक सफारीभर तेच करत होती.

मग धाविक दिसले. टिटवीच्या जातकुळीतला, तांबूस रंगाचा, डोळ्यावर पांढरी-काळी रेघ असलेला पक्षी. चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. हा जमिनीवर उघड्यावरच अंडी घालतो, खड्यांत मिसळून जाणारी. माळटिटवी, चंडोल, पाखुर्डी यांचंही तसंच. म्हणून एखादी जीप हौसेने वाट सोडून गवतात शिरली की चाकाखाली काय गेलं हे चालवणाऱ्याला कळतही नाही. गाईडने जुने टायरचे चर दाखवले. सफारी सुरू होण्याआधीचे, म्हणाला. त्या पट्ट्यात गवत अजून नीट आलेलं नाही.

पुढे तरसाची पांढरीफटक विष्ठा. तरस हाडं चावून पचवतो, त्यातला चुना असा बाहेर पडतो. खोकडाचं बीळ, चार तोंडांचं, आणि एका तोंडाशी खुद्द खोकड ऊन खात बसलेलं. आमच्याकडे बघून त्याने जांभई दिली.

लांडग्यासाठी आमच्या मागच्या गाडीतल्या मोठ्या लेन्सवाल्या मंडळींनी गाईडला बरंच छेडलं. या दिवसांत पिल्लं असतात, गुहा कुठे आहे ते माहीतच असणार, वरचे पैसे घे. त्याने शांतपणे सांगितलं की त्या बाजूला सध्या गाडी नेत नाही. माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत पिल्लं दगावतात. संपूर्ण देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरलेत, म्हणजे वाघांपेक्षा कमी. जनुकीय अभ्यासातून असंही पुढे आलंय की भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या सगळ्यात जुन्या लांडगावंशांपैकी एक आहे. वाघ आणि लांडगा कायद्याच्या एकाच पहिल्या अनुसूचीत आहेत, फक्त एकाच्या नावाने पर्यटन चालतं आणि दुसऱ्याच्या नावाने म्हणी.

आणि लांडगा दिसला. माळावर नाहीच. सफारी संपवून डांबरी रस्त्याने परत येताना, साडेनऊ-दहाच्या उन्हात, कालव्याच्या भरावावरून एक उंच, लांबलचक पायांचा करडा प्राणी आरामात चालत आला, रस्ता ओलांडला आणि उसात शिरला. "कुत्रं," नवरा म्हणाला. गाईडने मान हलवली: शेपूट खाली, पाठ सरळ, आणि चाल बघा. माळ कमी झाला तसे लांडगे उसाचा आडोसा घ्यायला शिकले. खरी भीती त्यांना कुत्र्यांचीच आहे. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पिल्लं आणि घाण माळावर टाकतात, त्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्यांच्याकडून रोग येतात, आणि पुण्याभोवती लांडगा-कुत्रा संकरही सापडलेत. आपण बिस्किटांचे पुडे, चिकनचे तुकडे फेकून त्यात भर घालू नये, हे मी इथे मुद्दाम लिहितेय.

दुपारी एका मेंढक्याशी गाठ पडली. बाबांनीच गाडी थांबवायला लावली. बाभळीखाली बसलेला, पिवळं मुंडासं, पुढे शंभर-दीडशे मेंढरं, दोन कुत्री. एका कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"फलटणकडचं. आता पुण्यात."

"मग आमचंच की," असं म्हणून त्यांनी घोंगडं झटकून पसरलं. बाबा मांडी घालून बसले, आणि पुढचा तास आम्ही तिघं नुसते ऐकत होतो. त्यांचे भाऊबंद दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, घेऊन कोकणात उतरतात, घोड्यांवर बिऱ्हाड, रात्री ज्याच्या शेतात मेंढरं बसवली त्याच्याकडून धान्य नाहीतर पैसे. ते स्वतः आता वयामुळे जात नाहीत. लांडग्याचा राग येत नाही का, असं लेकीने विचारलं.

"येतो की. पण त्यो बी इथलाच हाय. त्याचा वाटा त्यो नेतोच." मग जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू का ताई, लांडगं परवडलं. ह्या तारा परवडत न्हाईत."

समोर माळाचा एक पट्टा तारेने बंद होता. आत ओळीने खड्डे आणि खड्ड्यात गिरिपुष्पाची रोपं. वृक्षारोपण. मेंढरांना आत जाता येत नाही आणि चिंकाराही तारेपाशी अडतो. बिनझाडांची जमीन दिसली की ती बिघडलेलीच असणार, असं आपल्या मनात बसलंय. मग कंपन्या, मंडळं, शाळा पावसाळ्यात खड्डे खणायला येतात, टोप्या घालून फोटो काढतात, आणि जिथे गवत हजारो वर्षं सुखाने राहत होतं तिथे सावली करून त्याला मारतात. मला भुलेश्वरला बसून जे वाटलं होतं ते इथे परत वाटलं. देवळाला ऑइलपेंट आणि माळाला खड्डे, दोन्हींमागे सुशोभीकरणाचीच हौस आहे.

हा माळ जंगलतोडीतून तयार झाला असं अजूनही सांगितलं जातं. २०२५ साली दोन मराठी अभ्यासकांनी त्याला फार छान उत्तर दिलं. त्यांनी जुन्या मराठी ओव्या, चरित्रं, स्थळपुराणं यांत आलेली झाडं शोधली. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीही तिथे बाभळी, बोरी, हिवर, तरटी अशीच उन्हात वाढणारी काटेरी झाडं जास्त होती. मी हे बाबांना मोबाइलवरून वाचून दाखवलं, तेव्हा मेंढकेमामा म्हणाले, "तरटी? ती तर विठोबाच्या देवळात हाय." बरोबर आहे. कान्होपात्रेच्या समाधीवरची तरटी पंढरपूरला कुणी पाहिली नाही? माळावरचं काटेरी झाड आपण देवळात पुजतो, आणि त्याच्या माळाला आपल्याकडे नाव नाही.

चहा त्यांनी केला. मेंढीच्या दुधाचा, दाट. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत, बाबांची तंबाखूची पुडी मात्र घेतली.

लांडग्याने मेंढरू मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, हे त्यांना माहीत होतं. पण पंचनामा होईपर्यंत फिरता वाडा दोन गावं पुढे गेलेला असतो. सफारीच्या पैशातून गाईड, चहावाला, मुक्कामवाला यांना मिळतं, हे चांगलंच आहे. ज्याच्या मेंढरांवर लांडगा जगतो त्याच्यापर्यंत ते अजून फारसं पोचत नाही. माझ्या मते इथल्या पर्यटनाने आधी हे सोडवायला हवं, मग व्ह्यूइंग टॉवर बांधावेत.

संध्याकाळी शिर्सुफळला शिरसाई देवीचं दर्शन घेतलं. माकडं भरपूर, हातात पिशवी ठेवू नका. परतीच्या वाटेवर एका वाडीच्या पारावर तीन वीरगळ दिसले. दोघांवर शेंदूर, तिसरा उघडा. खालच्या चौकटीत लढाई आणि गाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. गाई पळवून नेणाऱ्यांशी लढून मेलेल्या कुणाचा तरी दगड. या गवतावर तेव्हा इतकी गुरं होती की त्यांच्यासाठी माणसं जीव देत होती.

सोमवार: भिगवण

कुंभारगावला पहाटे पोचलो तेव्हा उजनीच्या पाण्यावर इतकं धुकं की नाव कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाच्या कडेच्या उथळ चिखलात हिवाळ्यात पक्षी उतरतात आणि पूर्वी नुसती मासेमारी करणारी मंडळी आता सकाळी पाहुणे फिरवतात.

आमच्या नावाड्याने रोहितांपासून, म्हणजे फ्लेमिंगोंपासून, चांगलं लांब असताना मोटर बंद केली आणि बांबू घेतला. नवऱ्याने जवळ न्यायला सांगितलं नाही, पण शेजारच्या नावेतल्यांनी सांगितलं, "उडवा ना, उडतानाचा फोटो पाहिजे." त्यांचा नावाडी तयारही झाला. आमच्याने त्याला पाण्यावरूनच खणखणीत शिवी हासडली. लेकीने ती वहीत लिहून घेतली नाही, एवढं आमचं भाग्य. उडवलेला थवा चरायचं सोडून जातो, आणि रोज दहा वेळा उडवला तर पुढच्या वर्षी दुसरं पाणी शोधतो. थवा गेला की आमची नाव बुडाली, एवढा साधा हिशोब त्याने मांडला. तुम्ही जाल तेव्हा नाव ठरवतानाच सांगा: पक्षी उडवायचे नाहीत.

धुकं उठल्यावर पट्टकादंब दिसले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. हिमालय ओलांडून येतात आणि इथे हरभऱ्याच्या रानात चरतात. चित्रबलाक, शेकाटे, चक्रवाक. मी नावं विचारून विचारून नावाड्याला भंडावलं.

पळसदेवचं जुनं देऊळ याच पाण्याखाली आहे. गाव वर हलवलं, पळसनाथाचं दगडी देऊळ खालीच राहिलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर, मग मंडप वर येतो आणि लोक चिखलातून चालत बघायला जातात. नावाड्याची आजी जुन्या गावातली. देऊळ वर आलं की ती नारळ घेऊन जायची. "लोकांना देऊळ दिसल्याचा आनंद," तो म्हणाला, "आम्हाला पाणी गेल्याची काळजी. मासा न्हाई, पक्षी न्हाई, पाहुणा न्हाई." बघायला जाणार असाल तर दगडांवर चढू नका. इतकी वर्षं पाण्यात राहिलेले सांधे सैल झालेत.

काठावर आलो तर गावातल्या शाळेची प्रभातफेरी चाललेली. हॉटेलांपुढे कढया मांडलेल्या आणि सव्वीस जानेवारीची गरम जिलबी. ती आधी खाल्ली, मग बारा वाजता मच्छी थाळी: चिलापी तव्यावर कडक तळलेली, लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी. चिलापी बाहेरून आलेला मासा, आता उजनीत त्याचंच राज्य. पक्षीमित्र त्यावर नाराज असतात. चव मात्र आहे.

दुपारी दोनच्या आत भिगवण सोडा. त्यानंतर यवतपासून हडपसरपर्यंत जे होतं त्याला प्रवास म्हणत नाहीत. आम्ही तीनला निघालो, कारण बाबांना बाजारात घोंगडं घ्यायचं होतं. दुकानदाराने गिरणीतलं दाखवलं. बाबांनी नाकाशी नेलं, मेंढराचा वास येत नाही म्हणून परत केलं, आणि कालच्या मेंढकेमामांच्या सुनेचा फोन नंबर मागून घ्यायला हवा होता म्हणून उरुळीपर्यंत आम्हा तिघांना ऐकवत राहिले.